गुपिताचा धनी

दिवाळीच्या दिवसांत आपल्याकडे ताटे फिरतात. या घरचे त्या घरी, त्या घरचे या घरी. वर विणलेला रुमाल टाकलेले ताट येते आणि रिकामे परत पाठवायचे नाही म्हणून आपल्या घरचे काहीतरी घेऊन परत जाते. चकली देताना कोणाचाही हात आखडत नाही. तो आखडतो पुढच्या प्रश्नाला. "वहिनी, भाजणीचं प्रमाण काय हो तुमचं?" असे कोणी विचारले की वहिनींच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच राहते, पण आतून कडी लागल्यासारखे होते. मग प्रमाण सांगितले जाते. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची, धने, जिरे. विचारणारी घरी जाऊन अगदी त्याच प्रमाणाने भाजणी करते आणि तिची चकली दुसऱ्या दिवशी मऊ पडते. काहीतरी सांगायचे राहिलेले असते. ते विसरून राहिले की ठेवून घेतले, हे कळायला मार्ग नसतो. आणि शेजारधर्मात तसा मार्ग शोधायचाही नसतो.

हौशी छायाचित्रकारांच्या बैठकीला बसलो म्हणजे मला हे ताट आणि ही भाजणी आठवते. आता कॅमेरा नाही असा माणूस विरळा. फोनच्या पोटात शिरून तो सर्वांच्याच खिशात जाऊन बसला आहे. पण ज्यांना खरोखर हौशी म्हणावे अशी जात निराळी. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याखाली ढग बसलेले सापडावेत म्हणून तीन-तीनदा गड चढणारी. न्हाणीघराच्या खिडकीला काळे कापड ठोकून लाल दिव्याच्या उजेडात चित्रे छापीत बसणारी. बाहेरून "अहो, पाणी जायची वेळ झाली, आवरा आता" अशी हाक आली तरी ती ऐकू न येणारी. ही मंडळी महिन्यातून एकदा कुठल्यातरी शाळेच्या वर्गात जमतात आणि आपापली चित्रे एकमेकांना दाखवतात. पूर्वी छापील चित्रे बाकांवर मांडीत, आता बहुतेक पडद्यावर टाकतात. दाखवताना सगळेच उदार असतात. मग अंधारातून कोणीतरी विचारतो, "हे काढलं कसं?" आणि तेथे माणसांच्या दोन जाती पडतात.

प्रश्न लहान दिसतो. भिंगाचे छिद्र किती ठेवले, शटर किती वेळ उघडे होते, उजेड कोणत्या बाजूने घेतला, एवढेच तर सांगायचे. पण ज्याने ते कळण्यासाठी दहा वर्षे घालवली, शेकडो निगेटिव्हे कचऱ्यात टाकली, त्याने ते एखाद्या कालच्या पोराच्या ओंजळीत एका मिनिटात का ओतावे? न सांगणाऱ्याची बाजू अगदीच टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. कष्टाने मिळवलेल्या वस्तूवर माणसाचा काही हक्क असतो. धंदेवाल्याची गोष्ट तर सोडूनच द्या. त्याच्या गुपितावर त्याची चूल पेटत असते आणि चुलीपुढे नीतीचे पाठ देणे सोपे असले तरी शोभत नाही. हौशी माणसाची गंमत अशी, की त्याची चूल दुसरीकडे पेटलेली असते. गुपित उघडे पडले म्हणून त्याच्या घरातला एक दाणाही कमी होत नाही. कमी होण्यासारखे असते ते फक्त कौतुक. म्हणूनच त्याचे गुपित हा त्याच्या मनाचा अधिक चोख हिशेब असतो.

छायाचित्रणाची कला जन्मली तीच या भांडणाचे बाळसे घेऊन. पॅरिसच्या दागेर यांची कृती फ्रेंच सरकारने त्यांना निवृत्तिवेतन देऊन घेतली आणि १९ ऑगस्ट १८३९ रोजी विज्ञान आणि ललितकला या दोन अकादमींच्या संयुक्त सभेत आरागो यांनी ती साऱ्या जगाला सांगून टाकली. केवढे औदार्य! मात्र त्याच्या पाचच दिवस आधी, १४ ऑगस्टला, इंग्लंडमध्ये त्याच कृतीचे पेटंट घेऊन ठेवलेले होते. म्हणजे जगाला दान आणि शेजाऱ्याला बिल. तिकडे इंग्लंडात टॉलबट यांनी कागदावरच्या निगेटिव्हची आपली कृती १८४१ साली पेटंटाच्या कुलपात घातली. ते कुलूप स्कॉटलंडला लागू नव्हते, आणि हिल व अ‍ॅडमसन या जोडीने त्या कृतीने काढलेली अप्रतिम चित्रे एडिंबरोत तयार झाली. इंग्लंडातल्या विद्वानांनी आणि कलावंतांनी गळ घातल्यावर १८५२ मध्ये टॉलबट यांनी हौशी लोकांना मोकळीक दिली. पैसे घेऊन माणसांची चित्रे काढणाऱ्यांवरचा हक्क तेवढा राखला. हौशी आणि धंदेवाला यांच्यातली जी रेघ मी वर ओढली, ती त्यांनीही ओढली होती.

याच गोष्टीत आणखी दोन माणसे आहेत. पहिले जॉन हर्शेल. चांदीचे क्षार विरघळवणारे 'हायपो' त्यांना १८१९ पासून ठाऊक होते. १८३९ च्या आरंभी टॉलबट भेटायला आले तेव्हा, उजेडाने उमटलेले चित्र पुढे काळे पडू नये म्हणून काय करावे, हे त्यांनी सरळ सांगून टाकले. पुढची दीडशे वर्षे जगातल्या प्रत्येक अंधारखोलीत हायपोचा तो आंबूस वास भरून राहिला. त्यासाठी कोणी त्यांना एक पैसा दिला नाही आणि त्यांनी मागितलाही नाही. पण हर्शेल सुखवस्तू आणि कीर्तिमान होते. त्यांना दान परवडत होते. दुसरे फ्रेडरिक स्कॉट आर्चर. काचेवर ओल्या कलोडियनचा थर देऊन चित्र घेण्याची कृती त्यांनी मार्च १८५१ मध्ये एका रसायनविषयक मासिकात छापून टाकली, पेटंट घेतले नाही. ती कृती सगळ्या जगाने उचलली. टॉलबट म्हणू लागले की ही सुद्धा माझ्याच पेटंटात येते. १८५४ च्या डिसेंबरात ज्यूरीने ते मानले नाही. आर्चर १८५७ साली गरिबीत वारले आणि त्यांच्या कुटुंबासाठी वर्गणी जमवावी लागली. विद्या दिल्याने वाढते असे मुलांना सांगताना आर्चर यांचे नाव मला आठवते. विद्या वाढली हे खरे. देणाऱ्याच्या घरी काय झाले तेही सांगावे.

हे सारे विलायतेत चालू असता आपली मुंबई मागे नव्हती. १८५४ मध्येच मुंबईत छायाचित्रणाची संस्था निघाली होती. गोऱ्या अंमलदारांबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखी आपली माणसेही तिच्यात होती. कुष्ठरोगावर औषध शोधणारा, शिलालेख वाचणारा हा माणूस काचेच्या ओल्या पट्ट्यांच्या चर्चेत रमत होता, ही कल्पनाच मला मोठी आल्हाददायक वाटते. त्या काळी घरी बसून एकट्याने ही कला शिकणे जवळजवळ अशक्य. उष्म्याने थर बिघडे, पावसाळ्यात सगळेच बिघडे. दुसऱ्याचे काय बिघडले हे ऐकल्याशिवाय आपले सुधारण्याचा उपाय नव्हता. हौशी मंडळांचा जन्म असा गरजेतून झाला आहे. एकमेकांना सांगणे हा तेथे सद्गुण नव्हता, तो व्यवहार होता. तो सद्गुण कधी झाला? सांगितल्यावाचून भागू लागले तेव्हा.

आता असे पाहू, की सगळे सांगितले तर शेवटी काय होते? अमेरिकेतले अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स हे सांगणाऱ्यांतले मोठे नाव. १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावरून मोटारीने जाताना त्यांना डोंगरांवर उगवलेला चंद्र दिसला आणि खाली स्मशानातल्या क्रुसांवर मावळतीचा शेवटचा उजेड पडलेला दिसला. घाईघाईने कॅमेरा लावला, पण प्रकाशमापक सापडेना. चंद्राचे तेज चौरस फुटाला २५० कँडल असते हे त्यांना पाठ होते. त्यावरून मनातल्या मनात हिशेब करून छिद्र एफ ३२ आणि शटर १ सेकंद ठेवून त्यांनी एक चित्र घेतले. दुसरे घेणार तोच क्रुसांवरचा उजेड गेला. हा सगळा हिशेब त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. कोणालाही वाचता येतो. अंधारखोलीत आकाश किती दाबावे आणि जमीन किती उजळावी, तेही त्यांनी सांगितले आहे. आणि इतके सांगूनही त्या एकाच निगेटिव्हवरून त्यांनी आपल्या हाताने ज्या हजाराहून अधिक प्रती छापल्या, त्या सारख्या नाहीत; वर्षे लोटली तसे त्यांतले आकाश काळे होत गेले. ज्याचे गुपित होते त्यालाच ते पुन्हा पुन्हा शोधावे लागत होते. मग दुसऱ्याच्या हाती काय गेले?

आपल्याकडे हाच प्रश्न गाण्यात येऊन गेला आहे. घराण्यातली चीज बाहेर जाऊ नये म्हणून उस्ताद अंतरा खाऊन टाकीत, म्हणतात. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी वकिलीकडे पाठ फिरवून अशा शेकडो चिजा मिळवल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत छापून कोणाच्याही हाती दिल्या. तेव्हा ओरड झाली की घराणी बुडाली. पुस्तक घेणारे सगळेच गवई झाले नाहीत, आणि जे गवई होते त्यांच्या मैफली ओस पडल्या नाहीत. बुडाली ती फक्त चीज माहीत असणे म्हणजे गाणे येणे ही समजूत. मला वाटते, तंत्र दडवणाऱ्याची भीतीही हीच असते. आपण तंत्र देऊन टाकले आणि मागे काहीच उरले नाही तर? ज्याला मागे काही उरेल अशी खात्री असते, तो खुशाल सांगतो.

यापेक्षा वाईट एक प्रकार आहे; न सांगणे परवडले असे वाटायला लावणारा. तो म्हणजे चुकीचे सांगणे. भाजणीत पोह्यांची मूठ पडते हे न बोलणे वेगळे, आणि दोन वाट्यांच्या जागी तीन वाट्या सांगणे वेगळे. पहिलीत कद्रूपणा आहे, दुसरीत दुसऱ्याचा अनारसा तुपात हसावा अशी इच्छा आहे. पहिल्या बाईच्या घरी मी अजून चहा घेईन.

इथपर्यंतचा हिशेब सरळ आहे: जे आपले आहे ते द्यावे. अडचण येते ती पुढे, आणि ती आमच्या मंडळातच एका पावसाळ्यानंतर उभी राहिली. निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांनी तिबोटी खंड्याचे चित्र दाखवले. हा खंड्या चिमणीएवढा. नारिंगी, जांभळा आणि निळा असे रंग अंगावर सांडल्यासारखे. पावसाळ्यात तो कोकणात ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून पिले वाढवतो. चित्रात तो चोचीत छोटा बेडूक धरून ओल्या काटकीवर बसला होता आणि पाठीमागचा हिरवा अंधार असा काही उतरला होता की वर्गात दोन क्षण कोणी बोलले नाही. मग प्रश्नांचा पाऊस पडला आणि काकांनी एकही उत्तर राखून ठेवले नाही. कापडाचे लपण किती लांब लावले, ते आधी दोन दिवस रिकामेच का उभे ठेवले. पक्षी बिळात शिरण्यापूर्वी एकाच काटकीवर क्षणभर निश्चल बसतो म्हणून काटकीवरच नजर बांधून कसे ठेवले. उजेड कमी, पण फ्लॅश का वापरला नाही. तिपाई, साठांश सेकंद, सगळे. एक तरुण सभासद भराभर लिहून घेत होता. शेवटी त्याने विचारले, "आणि काका, जागा कुठली?"

"कोकणात," काका म्हणाले.

"ते कळलं हो. गाव?"

"गाव राहू दे."

तो मुलगा दुखावला, आणि त्याचे दुखावणे अवाजवी नव्हते. तो म्हणाला, "विद्या दडवू नये, असं तुम्हीच आम्हांला शिकवलंत ना?"

"शटर माझं होतं, ते दिलं. ओढा माझा नाही रे बाबा."

"मग चित्र तरी कुठे तुमचं? तेही त्या पक्ष्याचंच!"

वर्ग हसला, काकाही हसले. पण हे उत्तर काही त्यांना सुचलेले दिसले नाही. मला स्वतःला तो मुलगा जिंकला असे वाटले नाही, तरी त्याने बोट बरोबर जागी ठेवले असे वाटले. गुपित सांगावे की न सांगावे हे ठरवताना आपण नेहमी सांगणारा आणि विचारणारा अशा दोघांचाच विचार करतो. पण पुष्कळ गुपितांत एक तिसरा असतो, आणि तो बैठकीला हजर नसतो. शटर सांगितल्याने काकांच्या अहंकारापलीकडे कोणाचे काही जाणार नव्हते. गाव सांगितले असते तर पुढच्या रविवारी दहा, त्याच्या पुढच्या रविवारी चाळीस लोक भिंगे घेऊन त्या दरडीसमोर बसले असते. बिळासमोर माणूस दिसला की तोंडात घास घेतलेला पक्षी ताटकळत बसतो. आत पिले उपाशी असतात. हल्ली तर तोंड उघडण्याचीही गरज उरलेली नाही. ती सोय बंद केलेली नसेल तर फोन चित्राच्या पोटात अक्षांश-रेखांश मुकाट्याने लिहून ठेवतो, आणि चित्र जसेच्या तसे पाठवले तर आपण गाव सांगितले आहे हे आपल्यालाही कळत नाही.

माणसांच्या बाबतीत हा तिसरा आपल्याला अधिक सहज दिसायला हवा, पण तो दिसत नाही. वारीतल्या सुरकुतल्या चेहऱ्याच्या आजीबाई हा हौशी छायाचित्रकारांचा आवडता विषय. उजेड कसा घेतला हे प्रत्येक जण सांगतो. त्या आजीबाईंना विचारले होते का, असे विचारणारा मात्र मला क्वचितच भेटला. असो.

तिसऱ्याच्या नावावर आपला कद्रूपणा खपवता येतो, हेही विसरून चालणार नाही. पक्ष्याची काळजी म्हणून जागा सांगत नाही म्हणणारे असे गृहस्थ मी पाहिले आहेत, जे स्वतः दर आठवड्याला त्या जागी जातात. त्यांना पक्षी नव्हे, त्याचे चित्र एकट्याच्या मालकीचे राहायला हवे असते. बाहेरून दोन्ही मौने सारखी दिसतात. मला त्यातल्या त्यात एकच कसोटी सुचते: दुसऱ्याला जाऊ न देणारा स्वतः जातो का? काका त्या पावसाळ्यानंतर त्या ओढ्यावर चित्र घेण्यासाठी गेलेले नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी त्यांच्या बाजूचा.

पण बाजू घेऊन प्रश्न संपत नाही. रानपिंगळ्याची गोष्ट पाहा. हे लहानसे घुबड १८८४ नंतर कोणाला सापडले नव्हते. नामशेष झाले असे धरून चालले होते. मध्यंतरी १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळाल्याची एक नोंद होती, ती कर्नल माइनर्ट्‌झहेगन यांची. पुढे पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने तपासले तेव्हा ती नोंद बनावट निघाली. एकोणिसाव्या शतकात जेम्स डेव्हिडसन यांनी मिळवलेला जुना नमुना चोरून, नवी चिठ्ठी लावून ठेवलेला होता. त्या खोट्या चिठ्ठीमुळे आधीच्या शोधकांनी भलत्याच ठिकाणी पायपीट केली होती. वर ज्या तीन वाट्यांबद्दल मी बोललो, त्यांचा हा थोरला अवतार. रासमुसेन आणि त्यांचे दोन सोबती खऱ्या नोंदींच्या मागाने निघाले आणि १९९७ च्या नोव्हेंबरात सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, दिवसाढवळ्या झाडावर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. एकशे तेरा वर्षांनी. त्यांनी जागा जाहीर केली. जाहीर केली म्हणून तर तोरणमाळ, मेळघाट येथे तो आणखी सापडला, अभ्यास झाला, त्याचे रान राखण्याविषयी बोलता येऊ लागले. शहाद्याचे गुपित कोणी पोटात ठेवले असते तर ते रान तुटताना तुटणारे काय आहे हेही कोणाला कळले नसते. ज्याचा पत्ता कोणालाच नाही त्याची बाजू कोण मांडणार? उद्या काकांच्या ओढ्यावरून रस्ता रुंद होऊ लागला, दरडीवर यंत्र चढले, तर?

हे मी काकांना पुढे एकदा विचारले. तो तरुणही बरोबर होता. त्याचा राग गेला होता, वाद गेला नव्हता. काका म्हणाले, ज्याच्या आगराला लागून तो ओढा आहे त्याला मी चित्र दाखवायला गेलो होतो. म्हटले, निदान एकाला तरी माहीत असावे. त्या माणसाने चित्राकडे पाहिले, बायकोला हाक मारून दाखवले, आणि सांगितले की हा पक्षी दर पावसाळ्यात येतो, त्याच्या वडिलांच्या वेळेपासून येतो; त्या दिवसांत वाडीतली माणसे त्या अंगाने गुरे उतरवीत नाहीत. ओढ्याला खालच्या बाजूने जातात. हे कोणी ठरवलेले नाही, तसेच चालत आले आहे. काका ज्याला आपल्या पोटातले गुपित समजत होते, ते साऱ्या वाडीला ठाऊक होते आणि वाडीने ते कधीच बाहेर नेले नव्हते.

"मग त्यांना विचारलंत का काका," तो मुलगा म्हणाला, "की बाहेर सांगू का म्हणून?"

काकांनी चष्मा पुसला. विचारले नाही, म्हणाले. चित्राची एक प्रत त्यांना द्यायची राहिली आहे, ती घेऊन मृगाच्या आधी जाईन तेव्हा विचारीन. आणि मग त्या मुलाकडे वळून, "येतोस का बरोबर? कॅमेरा घरी ठेवून."